वरच्या ओळीतली चाल

वही शंभर पानी. खाकी कव्हर, शिवण सुटू नये म्हणून मधोमध गोधडीचा जाड दोरा घातलेला. आतलं अक्षर आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या आईचं. एकेकाळची निळी शाई आता जांभळट झाली आहे, काही पानांवर तेलाचे डाग आहेत. प्रत्येक पानाच्या डोक्यावर गाण्याचं नाव: मोशेचं गाणं, योसेफाचं गाणं, एस्तेर राणीचं, एलियाहू हनाबीचं. आणि त्याखाली, उजव्या अंगाला, कंसात एकच शब्द, ‘चाल’. पुढे दोन टिंबं आणि भलत्याच एखाद्या गाण्याचं नाव. कुठे नाटकातलं पद, कुठे भजन, मागच्या पानांवर सिनेमाची गाणी. एका पानावर तर आधीची चाल खोडून शेजारी नवी लिहिली आहे. जुनी चाल गळ्यावर बसेना म्हणून, की नवा सिनेमा आला म्हणून, ते सांगायला काकूंची आई आता नाही.

काकू बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. आडनावाच्या शेवटी ‘कर’, माहेर अलिबागकडचं, जन्म भायखळ्याचा, लग्नानंतरची वर्षं ठाण्याच्या गावठाणाजवळ आणि आता मुलाबरोबर मानपाड्याला. खिडकीतून खाली पाहिलं की घोडबंदर रोड आणि मेट्रोचे खांब, मागच्या खिडकीतून येऊरचा डोंगर. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाला नोकरी लागली म्हणून घरी मलिदा होता. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि सुका मेवा. ताटात वर फळं मांडायची, हिब्रू प्रार्थना म्हणायच्या, एलियाहू हनाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, आठवण करायची आणि मग ताट सगळ्यांत वाटायचं. नवस फेडायचा असो, लग्न असो, घर घेतलेलं असो, बेने इस्रायलांच्या घरात मलिदा होतोच. बाहेरच्या ज्यूंना ही गोष्ट ठाऊक नाही. ती कोकणातली आहे, आणि तिचं नावही कोकणातल्या मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेलं आहे.

प्रार्थना झाली, बायका गाऊ लागल्या, आणि मी ताटातला पोह्याचा घास तसाच हातात धरून बसले. शब्द मराठी, गोष्ट बायबलातली आणि चाल माझ्या आजीच्या तोंडी ऐकलेल्या एका नाट्यपदाची. आजी गेल्यावर ती चाल मी कुणाच्याच गळ्यातून ऐकली नव्हती.

हा लेख त्या दिवशी सुरू झाला. पण त्याला दुसरं तोंडही आहे. गाणी संपल्यावर नातू मला आतल्या खोलीत घेऊन गेला. त्याच्याकडे इलेक्ट्रिक गिटार आहे. ‘ज्यू संगीत’ म्हणून शोधता शोधता त्याला जे सापडलं होतं ते त्याने मला ऐकवलं: सॅक्सोफोन, ट्रम्पेट, कॉन्ट्राबास, ड्रम्स, आणि त्यावर रडावं की नाचावं कळू नये अशी एक सुरावट. “मावशी, हे आपल्या रागासारखं वाटत नाही का?” त्याने विचारलं. वाटत होतं. कोणता राग, ते मात्र पटकन सांगता येईना. घरी आले, पेटी काढली.

ही खटपट कुणीही करून पाहावी. पेटीवर भैरवाचा सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म आणि प घ्यायचा. वर गेल्यावर भैरव सोडून भैरवीकडे वळायचं: कोमल ध, कोमल नी. पूर्वांग भैरवाचं आणि उत्तरांग भैरवीचं, म्हणजे आपला वसंत मुखारी. कर्नाटक संगीतात हाच मेळ वकुळाभरणम नावाने आहे आणि तिथून तो हिंदुस्थानी मैफलीत आणण्याचं श्रेय आचार्य श्रीकृष्ण रातंजनकरांना दिलं जातं. अरब संगीतात या स्वरांना हिजाझ म्हणतात. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या प्रार्थनेत याच स्वरसमूहाला ‘अहावा रब्बा’ असं नाव आहे, सकाळच्या एका प्रार्थनेच्या पहिल्या शब्दांवरून पडलेलं. जगभरच्या लग्नांत वाजणारं ‘हावा नागिला’ त्याच स्वरांत आहे. सा वरून एकदम ग वर उडी आणि कोमल रे ला स्पर्श करत परत सा वर उतरणं, ही त्या गाण्याची सगळी जादू. कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यामधलं ते मोठं अंतर कानाला ओढ लावतं. माझ्या पेटीवर ते वाजलं आणि स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, “सकाळचा राग संध्याकाळी का वाजवतेस?”

‘हावा नागिला’ची मूळ धून पूर्व युरोपातल्या हसिदी पंथाच्या ज्यूंची, शब्द नसलेली, नुसती आळवायची. पहिल्या महायुद्धाच्या काळात जेरुसलेममध्ये अब्राहम झ्वी इडेलसोन या संशोधकाने तिला आजचं रूप दिलं. हाच माणूस येमेन, बगदाद, इराण, मोरोक्को इथल्या ज्यूंची गाणी ध्वनिमुद्रित करत आणि स्वरलिपीत उतरवत राहिला आणि त्याने त्यांचे दहा खंड काढले. मला त्याच्या कामाइतकीच त्याच्या गोंधळाबद्दल आपुलकी वाटते. त्याला सगळ्या ज्यूंच्या मुळाशी असलेलं एक संगीत शोधायचं होतं, आणि खंडामागून खंड भरत गेले तसं दिसत गेलं ते हे की प्रत्येक गावचा ज्यू शेजाऱ्याच्या सुरात गातो.

नातवाने ऐकवलं होतं ते जॉन झोर्न या न्यूयॉर्कच्या सॅक्सोफोनवादकाचं ‘मसादा’. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झोर्नने ज्यू स्वरसप्तकांवर आधारलेल्या छोट्या छोट्या धुना लिहायला घेतल्या. पहिल्याच संचात त्या दोनशेच्या वर गेल्या. वाजवायला चौघे: स्वतः तो आल्टो सॅक्सोफोनवर, ट्रम्पेटवर डेव्ह डग्लस, बासवर ग्रेग कोहेन, ड्रम्सवर जोई बॅरन. पद्धत जॅझची, म्हणजे धून एकदा मांडायची आणि मग तिच्या अंगणात प्रत्येकाने मोकळं खेळायचं. आपल्याकडे बंदिश आणि विस्तार यांचं जे नातं, तेच. १९९२ मध्ये म्युनिकच्या एका महोत्सवात झोर्नने या नव्या संगीताला ‘रॅडिकल ज्यूइश कल्चर’ असं नाव देऊन मंडळी जमवली आणि १९९५ मध्ये ‘त्झादिक’ नावाची ध्वनिमुद्रण संस्था काढली. जर्मनीत, आणि त्यातही म्युनिकमध्ये, ज्यू संगीत उघड, मोठ्या आवाजात वाजवणं म्हणजे काय, हे तिथे बसलेल्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

झोर्नच्या आधी आणि त्याच्या बरोबरीनेही क्लेझमर होतंच. क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू वाजंत्र्यांचं संगीत. आपल्या बँडवाल्यांसारखेच हे लोक. लग्नात वाजवायचं, वरातीत वाजवायचं, मान कमी, मागणी मोठी. क्लॅरिनेट हे त्यांचं मुख्य वाद्य, आणि त्या क्लॅरिनेटला हुंदका देण्याची एक खास तऱ्हा आहे. सूर लागता लागता मध्येच घशात अडकावा तसा. ठाण्यातल्या ब्रास बँडमध्ये जुन्या क्लॅरिनेटवाल्याने मुलीच्या पाठवणीचं गाणं वाजवताना जो गळा दाटून आणला असेल, तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना हा हुंदका परका वाटणार नाही. हिटलरने हे वाजंत्री आणि त्यांचे श्रोते दोन्ही मारले. जे अमेरिकेत पोहोचले होते त्यांच्या मुलांना जॅझ हवा होता. बेनी गुडमनच्या वाद्यवृंदातल्या झिगी एल्मनने एक लग्नातली नाचाची धून जॅझच्या ठेक्यात बसवली आणि १९३९ मध्ये तिला इंग्रजी शब्द जोडून तिचं गाणं झालं. लोक नाचले, पण धून कुठली ते बहुतेकांना कळलं नाही. नातवंडांच्या पिढीने मात्र आजोबांच्या जुन्या तबकड्या शोधून काढल्या. १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘क्लेझमॅटिक्स’ हा गट उभा राहिला, रॉकचा जोर आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिद्दिश भाषेतले शब्द एकत्र घेऊन. २००७ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं ते ज्या अल्बमसाठी, त्यातले शब्द वूडी गथ्री या अमेरिकन लोकगायकाचे होते. गथ्रीची सासू यिद्दिश कवयित्री. त्याच्या मागे उरलेल्या, चाल नसलेल्या कवितांना या मंडळींनी क्लेझमरचं अंग दिलं.

इथे मला काकूंच्या आईची वही आठवली. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची.

ही रीत किती जुनी, हे शोधताना मी इस्राएल नजाराशी येऊन पोहोचले. सोळाव्या शतकातला हा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि कवी. तुर्की साम्राज्यातल्या दमास्कस आणि सफेद या गावांत त्याचं आयुष्य गेलं आणि अखेर तो गाझाचा रब्बी झाला. त्याचा गीतसंग्रह १५८७ मध्ये सफेदला छापला गेला. गीतं देवाची, भाषा हिब्रू, आणि गीताच्या डोक्यावर सूचना: हे अमुक तुर्की गाण्याच्या चालीवर म्हणावं, हे अमुक अरबी, हे अमुक स्पॅनिश. कॉफीखान्यात, बाजारात जी गाणी लोकांच्या ओठांवर होती त्यांच्या चाली त्याने उचलल्या आणि त्यात प्रार्थना भरल्या. काही धर्मपंडितांना ते आवडलं नाही, बाजारू चालीत देवाचं नाव घेतो म्हणून त्याच्यावर टीका झाली. लोकांनी मात्र ती गाणी सोडली नाहीत. त्याचं एक शब्बाथगीत आजही जगभरच्या ज्यू घरांत शुक्रवारी रात्री जेवणाच्या मेजावर गायलं जातं, आणि ते गाण्याच्या चाली जितकी गावं तितक्या आहेत.

पानाच्या डोक्यावरची ती एक ओळ. सफेदच्या छापखान्यात १५८७ मध्ये आणि भायखळ्याच्या चाळीत विसाव्या शतकात, शाईने, कंसात. या दोन ओळींना एकमेकींची खबर नव्हती. तरी दोघी एकच गोष्ट करतात: देव आमचा, गोष्ट आमची, आणि सूर ज्या मातीत राहतो तिचा.

बेने इस्रायल या मातीत किती काळ आहेत याचा लेखी पुरावा नाही. त्यांची कथा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावरच मूठमाती दिली. पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे ते कोकणभर पसरले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. ज्या गावचे ते कर: पेणकर, रोहेकर, केहीमकर, दिवेकर, अष्टमकर. हिब्रू विसरली, पण ‘शेमा’ ही एक प्रार्थना राहिली. सणांची नावं मराठी झाली. नव्याचा सण, दारफाळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. बिरड्याच्या दिवशी वालाचं बिरडं होतं, आणि तो दिवस म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मंदिराचं दुःख वालाच्या आमटीतून आठवायचं, यापेक्षा कोकणी काय असेल!

नंतर मुंबई आली, इंग्रजांच्या फौजा आल्या, रेल्वे आणि टपालखातं आलं. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं. कोचीनहून शिकवणारे आले, बगदादी ज्यू आले. त्यांनी हिब्रू प्रार्थना आणि त्यांच्या चाली शिकवल्या. म्हणून आज ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये हझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, जे म्हणतो त्याच्या चालीत बगदाद आणि कोचीन ऐकू येतं. घरात बायका गातात त्यात महाराष्ट्र ऐकू येतो. टेंभी नाक्याजवळचं हे ‘शआर हशामायिम’, म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ मध्ये बांधलं गेलं. सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरातून जाणारे हजारो ठाणेकर त्याच्यासमोरून जातात. आश्विनात टेंभी नाक्याला देवीची गर्दी असते, आणि साधारण त्याच दिवसांत आत नव्या वर्षाचं शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकलं जातं. मुंबईतल्या जागा महाग झाल्या तशी मंडळी ठाण्याकडे सरकली, आणि आज देशात उरलेल्या जेमतेम पाचेक हजार ज्यूंपैकी मोठा भाग ठाणे परिसरात राहतो. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

या सगळ्यात संगीताच्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना मला वाटते ती १८८० च्या सुमाराची. मुंबईतल्या बेने इस्रायलांनी कीर्तन सुरू केलं. खरंखुरं मराठी कीर्तन. पुढे बुवा, मागे साथीदार, झांज, पेटी, आणि आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं, दानीएलाचं. ओवी, साकी, दिंडी, आर्या, पदं, सगळी आपली वृत्तं आणि आपल्या चाली. बेंजामिन शमशोन अष्टमकर हे या कीर्तनांच्या आरंभीच्या कर्त्यांपैकी. आख्यानांच्या छोट्या पुस्तिका छापल्या जायच्या आणि घरोघरी पोहोचायच्या. शब्बाथला वाद्य वाजवायला ज्यू धर्मात मनाई, म्हणून कीर्तनं इतर वारी, इतर प्रसंगी व्हायची.

काळ पाहावा. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं. त्यातही पदांच्या चाली कीर्तनातून, लावणीतून, कानडी नाटकांतून आलेल्या. मराठी माणूस तेव्हा चालींचा बाजार मांडून बसला होता आणि जो तो उचलत होता. नगरकडे मराठी ख्रिस्ती मंडळीही येशूचं आख्यान लावत होती, पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ती वाट रुंद केली. बेने इस्रायल त्या बाजारात पाहुणे म्हणून आले नव्हते, तेही त्यातलेच गिऱ्हाईक आणि दुकानदार होते. १८७४ मध्ये पुण्यात छापलेला मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, पाहिला तर त्यात बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका आपल्या बायकांसारख्या लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या दिसतात. मिसरातून सुटका झाली त्याची गोष्ट, पण लाटणारे हात आपल्याकडचे.

हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून होतं, आणि बाहेर पडलं तेही समुद्रापलीकडे. या समाजाच्या गाण्यांचंही तसंच झालं, म्हणून हे इथे सांगते.

१९४८ नंतर मंडळी इस्रायलला जाऊ लागली. लोद, दिमोना, अश्दोद, बीरशेबा. नव्या वसाहतींत त्यांना घरं मिळाली. तिथे काही रब्बींनी त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली, लग्नं लावायला खळखळ केली. बेने इस्रायल रस्त्यावर उतरले, धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व दृष्टींनी ज्यू आहेत असं ठरवलं. आता विचार करा. ज्या घराला आपण ज्यू आहोत हे सिद्ध करायला सांगितलं जातंय, त्या घरातली मुलगी नाट्यपदाच्या चालीवरचं मोशेचं मराठी गाणं शाळेत कशी म्हणेल? ते गाणं स्वयंपाकघरात गेलं. मेंदीच्या रात्री, मलिद्याला, म्हाताऱ्या बायकांच्या मंडळात तेवढं उरलं. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथल्या मंडळींनी चालवलं, भाषा धरून ठेवली, त्याबद्दल मराठी माणसाने त्यांचं ऋणी राहायला हवं. गाण्याला मात्र मोठा मंच मिळाला नाही.

तो मिळू शकतो, हे येमेनच्या ज्यूंनी दाखवलं आहे. त्यांचीही सुरुवात अशीच हिणवलं जाण्यातून झाली. इस्रायलच्या रेडिओवर युरोपी वळणाची गाणी लागायची आणि पूर्वेकडून आलेल्या ज्यूंचं संगीत तेल अवीवच्या बसस्टँडवर कॅसेटमधून विकलं जायचं. ओफ्रा हाझा ही येमेनी घरातली मुलगी. सतराव्या शतकातल्या शालोम शबाझी या येमेनी कवीचं भक्तिगीत तिने गायलं. येमेनी ज्यू बायका पत्र्याचा डबा आणि तांब्याचं ताट वाजवून ठेका धरतात. १९८७-८८ मध्ये त्याच गीताला डिस्कोचा ठेका लागला आणि ते युरोपभर वाजलं, जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे २०१५ मध्ये ‘ए-वा’ नावाने गाणाऱ्या तीन बहिणींनी येमेनी ज्यू बायकांची अरबी लोकगीतं हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर आणली. ही गाणी कुठल्या पोथीत नव्हती. बायका लिहायला शिकलेल्या नव्हत्या, त्यांनी ती आईकडून मुलीकडे तोंडी दिली. काकूंच्या आईला निदान शंभर पानी वही होती.

भारतातून जाणारी दुसरी वाट शाय बेन त्झूर या इस्रायली गायकाची. तरुणपणी तो रॉक वाजवायचा. जेरुसलेमला उस्ताद झाकीर हुसेन आणि पंडित हरिप्रसाद चौरसियांची मैफल त्याने ऐकली आणि तो भारतात आला तो अनेक वर्षांसाठी. अजमेरला राहिला, कव्वाली शिकला आणि हिब्रूत कव्वाली गाऊ लागला. २०१५ चा त्याचा ‘जुनून’ जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात ध्वनिमुद्रित झाला. त्यात ‘रेडिओहेड’ या रॉक बँडचा जॉनी ग्रीनवुड आहे आणि राजस्थानचे मांगणियार, कव्वाल आणि ब्रास बँडवाले आहेत. ढोलक आणि ट्यूबा यांच्यावर हिब्रू शब्द उडत जातात. मी तो मानपाड्याहून ठाणे स्टेशनच्या बसमध्ये, कापूरबावडीच्या कोंडीत अडकून ऐकला आहे, आणि त्या तासाभराची तक्रार माझ्या मनात नाही.

कव्वाली दर्ग्यातली, उरुसातली. आणि एलियाहू हनाबी घोड्याच्या रथातून स्वर्गात गेला, जाताना अलिबागजवळ खंडाळे गावी त्याचा रथ टेकला, खडकावर चाकांच्या खुणा उमटल्या, अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे. तिथे दरवर्षी झाडांच्या नव्या वर्षाला ते जमतात, मलिदा करतात, गातात. त्या दिवसाला त्यांनी शब्द वापरला आहे ‘एलियाहू हनाबीचा उरूस’. शाय बेन त्झूर अजमेरला जाऊन जे शिकला ते खंडाळ्याच्या खडकाजवळ, त्याच्या फार आधीपासून, वेगळ्या सुरात चालू होतं.

मुंबईकडून जगाला गेलेलंही काही आहे. वॉल्टर काउफमन हा आजच्या चेक प्रदेशात जन्मलेला ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत उतरला. भारतीय संगीत त्याला आधी अजिबात कळेना. म्हणूनच शिकायचं ठरवलं, आणि शिकला. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्याने काम केलं. तानपुऱ्यावर व्हायोलिनचे शिवरंजनीचे सूर येतात ती आकाशवाणीची ओळखधून त्याची मानली जाते. माझ्या वयाच्या मराठी माणसाच्या सकाळी त्या धुनेने सुरू झाल्या. १९४६ मध्ये तो गेला, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला, उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्या मुंबईच्या दिवसांतल्या वाद्यरचना २०२० मध्ये एका कॅनडियन वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केल्या. पाश्चात्त्य चौकडी वाजते आणि मधूनच राग डोकावतो.

आणि लिओरा इत्झाक. लोदला जन्मलेली, आईवडील भारतातून गेलेले. किशोरवयात गाणं शिकायला भारतात आली, हिंदी सिनेमात गायली, मग परत जाऊन हिंदी आणि हिब्रू मिसळून गाऊ लागली. जुलै २०१७ मध्ये भारताचे पंतप्रधान तेल अवीवला गेले तेव्हा दोन्ही देशांची राष्ट्रगीतं तिने गायली. तिच्यामुळे भारतीय सूर इस्रायलच्या मंचावर उजळ माथ्याने उभा राहिला. पण तो सूर मुख्यतः हिंदीचा, सिनेमाचा. मराठी कीर्तनाचं आख्यान, साकी-दिंडी, बायकांच्या वहीतली पदं अजून खोलीतच बसून आहेत.

मला स्पष्ट म्हणायचं आहे. जगभर जे नवं ज्यू संगीत म्हणून वाजतं, त्यात स्पेनचं आहे, येमेनचं आहे, मोरोक्कोचं, पोलंडचं आहे. त्यात महाराष्ट्र पुसट आहे, आणि महाराष्ट्राचा हिस्सा सर्वांत श्रीमंतांपैकी आहे. कीर्तनाचं आख्यान जॅझला किती जवळचं! एक कथा, मध्ये मोकळी जागा, बुवाला सुचेल तसं वळण, मागच्यांची साथ. साकीच्या चालीत एखादा कॉन्ट्राबास किती शोभेल! आणि हे करायला न्यूयॉर्कहून कुणी यायची वाट पाहायची गरज नाही. ठाण्यात पेटीवाले आहेत, तबलजी आहेत, गिटारवाली पोरं तर प्रत्येक सोसायटीत आहेत. गाणी माहीत असलेल्या बायका मात्र वर्षागणिक कमी होत आहेत. संशोधकांनी त्यांचे आवाज टिपून ठेवले आहेत, ते मोलाचं आहे. पण टिपलेला आवाज कपाटात राहतो. गाणं गाण्यात राहतं.

नातवाला हे सगळं सांगायचा मी प्रयत्न केला. तो म्हणाला, “मला आधी चाल तर येऊ दे.” बरोबरच होतं त्याचं.

मग गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही तिघं बसलो. काकू पलंगावर, वही मांडीवर. मी पेटी घेऊन खाली. तो गिटार घेऊन दाराशी, आवाज अगदी बारीक, शेजारी तक्रार करू नयेत म्हणून. काकूंनी एलियाहू हनाबीचं पान काढलं, वरच्या ओळीतली चाल बोटाने दाखवली आणि म्हणाल्या, “ही नको. ही खोडलेली घे. आई तीच गायची.” खोडलेल्या रेघेखालचं नाव आम्ही चष्मा लावून, खिडकीपाशी नेऊन वाचलं. मला ते पद येत होतं. काळी दोनचा सा धरला. काकूंचा आवाज पहिल्याच ओळीत चढला, तसा मी सूर खाली उतरवला. गिटारवर तो आधी नुसता सा-प छेडत राहिला, तानपुऱ्यासारखा. दुसऱ्या अंतऱ्याला त्याने कोमल रे शोधून काढला.

“अरे, हळू,” काकू म्हणाल्या, “एलियाहूचा रथ आहे, रिक्षा नाही.”

त्याने लय उतरवली. तिसऱ्या अंतऱ्याचे शब्द शाईत विरघळलेले होते. काकूंना ते पाठ होते. मी पेटी एका हाताने चालू ठेवली आणि दुसऱ्या हाताने ते शब्द नव्या पानावर उतरवून घेतले, आणि वर, उजव्या अंगाला, कंसात, चाल लिहिली.